टॉवरवर चढणाऱ्यांचे आणि घरी वाट पाहणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात मोबाइल टॉवरवरच्या कामाबद्दल लिहिलं आणि त्यावर बरीच पत्रं आली. मी आधी रिगर होतो, म्हणजे टॉवरवर चढून अँटेना, केबल, डिश बसवणारा. आता नव्या मुलांना हेच काम शिकवतो. नोकरी जाईल या भीतीने बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून इथे कोणाचंच नाव नाही. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

माझे पती टॉवरवर अँटेना बसवतात. मी काळजी केली की म्हणतात, ‘हुक लावलेला असतो, काही होत नाही.’ हुक लावला की माणूस खरंच पडत नाही का?

ताई, हुक लावलेला माणूसही पडू शकतो. फक्त तो जमिनीपर्यंत जात नाही. मधल्या अंतरात त्याचं काय होतं, हे हुक कुठे लावलाय त्यावर ठरतं.

अंगातल्या पट्ट्यांना आम्ही हार्नेस म्हणतो. त्याला दोन दोऱ्या असतात आणि प्रत्येकीच्या टोकाला एक मोठा हुक. एक हुक वर अडकवायचा, दोन पावलं चढायचं, दुसरा त्याहून वर अडकवायचा आणि मगच पहिला सोडायचा. वर जाताना, खाली येताना, आडवं सरकताना, दोन्ही हुक सुटलेत असा एक क्षणही येता कामा नये. अपघातांच्या अहवालांत पुन्हा पुन्हा हेच वाचायला मिळतं की हार्नेस अंगात होता, पण हुक कुठेच लावलेला नव्हता. टॉवरच्या एका पायावरून दुसऱ्या पायावर, शिडीवरून प्लॅटफॉर्मवर जाताना माणूस निसटतो.

आता हुकाची जागा. दोरी दोन मीटरची असेल आणि हुक पायाशी लावला असेल, तर दोरी ताणली जाईपर्यंत माणूस साडेतीन-चार मीटर खाली गेलेला असतो. मग दोरीतली धक्का शोषणारी घडी उसवत जाते, ती आणखी पावणेदोन मीटरपर्यंत. ही घडी नसेल तर बसणारा हिसका शरीराला सोसणारा नसतो. युरोपीय मानकानुसार हा हिसका ६ किलोन्यूटनच्या आत राहावा लागतो, आणि तोही साधारण ६०० किलो वजनाच्या ओढीइतका असतो. म्हणजे हुक पायाशी लावायचा तर हुकापासून खाली सहा मीटरहून जास्त जागा मोकळी हवी. टॉवरवर तेवढी जागा क्वचितच असते. खाली प्लॅटफॉर्म, आडवे अँगल, दुसऱ्याची अँटेना असं काहीतरी असतंच, आणि माणूस त्यावर आदळतो. तोच हुक डोक्याच्या वर लावला तर पडणं पुष्कळच कमी होतं. म्हणून त्यांना ‘हुक लावता ना?’ असं विचारू नका. ‘हुक कुठे लावता?’ असं विचारा.

तुम्हाला घरबसल्या आणखी एक गोष्ट करता येईल. हार्नेस घरी येत असेल तर एकेक पट्टा दोन्ही हातांत धरून उलट्या यू आकारात वाकवा आणि उजेडात बघा. कापलेले, विरलेले धागे लगेच वर उठून दिसतात. शिलाईचा दोरा बहुतेक वेळा पट्ट्याहून वेगळ्या रंगाचा असतो, एखादा टाका तुटला तर पटकन कळावं म्हणून. पट्टा उन्हाने फिका पडलाय का, रंग सांडून कडक झालाय का, धक्का शोषणाऱ्या घडीचं आवरण फाटलंय का, तेही बघा. धुवायचा तर कोमट पाण्यात, सौम्य साबणाने, आणि वाळवायचा सावलीत. आणि एकदा कोणी त्यात पडलं, की तो हार्नेस पुन्हा वापरायचा नाही, दिसायला कितीही धड असला तरी.

सुपरवायझर म्हणतो, ‘असं हुक बदलत चढलास तर काम आज संपणार नाही, बाकीचे मोकळेच चढतात.’ नाही म्हटलं तर उद्यापासून बोलावणार नाहीत. काय करू?

मित्रा, कामावरून काढतील ही तुझी भीती खोटी आहे असं मी सांगणार नाही. मी तसं होताना पाहिलंय.

सुपरवायझर असं का बोलतो ते आधी बघ. नेटवर्क एका कंपनीचं, टॉवर दुसरीचा, काम तिसरीने घेतलेलं, तिने चौथ्याला दिलेलं, आणि चौथ्याने तुमच्या टोळीला. प्रत्येक पायरीवर पैसा कमी होतो, तारीख मात्र तीच राहते. शेवटी सगळी घाई शिडीच्या तळाशी उभ्या असलेल्या माणसावर येऊन पडते. अमेरिकेत २०१३ साली दूरसंचार टॉवरवरच्या कामात १३ जण मेले. त्याआधीच्या दोन वर्षांत मिळूनही इतके मेले नव्हते. तेव्हा तिथल्या सरकारच्या कामगार सुरक्षा विभागाने २०१४ च्या सुरुवातीला या धंद्यातल्या मालकांना पत्र पाठवून बजावलं, की कंत्राटदार निवडतानाच सुरक्षेचा विचार करा. पत्र मालकांना गेलं, चढणाऱ्यांना नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. सुरक्षा म्हटलं की सगळे चढणाऱ्याकडे बोट दाखवतात. वर गेल्यावर त्याच्या हातात दोन हुकांपलीकडे फारसं काही नसतं. किती दिवसांत काम संपवायचं, किती माणसं द्यायची, वारा असताना थांबायचं की नाही, हे सगळं खाली ठरलेलं असतं.

आता तू काय करू शकतोस. ‘मी चढणार नाही’ असं म्हणू नकोस. ‘एवढं झालं की लगेच चढतो’ असं म्हण, आणि काय हवंय ते नेमकं सांग. ते फोनवरच्या मेसेजमध्ये लिही, चढण्याआधी. तोंडी दम देणारा माणूस लेखी उत्तर देताना विचार करतो. शिडीला कायमची सुरक्षा केबल आहे का ते बघ. असेल तर त्यावर सरकणारा पकड-ब्रेक माग. तो छातीशी जोडला की हुक न बदलता सरळ चढता येतं, आणि पाय निसटला तर तो जागच्या जागी धरतो. वेळ वाया जातो या तक्रारीला हेच खरं उत्तर आहे. पण आधी केबल सैल किंवा गंजलेली नाही ना, आणि तुझा ब्रेक त्याच केबलच्या जाडीसाठी बनवलाय ना, हे बघून घे.

टोळीतले दोघंतिघं मिळून बोललात तर एकट्यावर रोख येत नाही. आणि साइटवर काम करायचा परवाना ज्या कंपनीच्या नावाने निघतो, तिच्या सुरक्षा अधिकाऱ्याचा नंबर बहुतेक वेळा गेटवरच्या फलकावर असतो. तुझा ठेकेदार ज्याला घाबरतो तो माणूस तिथे असतो. इतकं करूनही काम गेलं, तर ते नुकसान खरं आहे आणि मी ते छोटं मानत नाही. तरीही मी तुला मोकळा चढ असं सांगणार नाही.

आमच्या टोळीतला एकजण निसटला आणि हार्नेसवर लटकत राहिला. त्याला काढायचं कसं ते कोणालाच सुचेना. अशा वेळी अग्निशमन दलाला बोलावून थांबायचं का? आणि खाली आणल्यावर आडवं झोपवायचं नाही असं ऐकलंय, ते खरं का?

फोन जरूर करायचा, पण त्यांची वाट पाहत थांबायचं नाही. बऱ्याच ठिकाणी त्यांची शिडी टॉवरच्या माथ्यापर्यंत पोचत नाही, आणि टॉवर अशा जागी असतात की गाडी जवळ आणायलाच वेळ जातो.

लटकलेल्या माणसाजवळ तेवढा वेळ नसतो. आपण चालतो तेव्हा पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात. हार्नेसमध्ये पाय नुसते लोंबत राहिले की ते काम थांबतं, रक्त पायात साठतं, आणि जांघेतले पट्टे रुततात ते वेगळंच. आधी घाम येतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. मग शुद्ध जाते, आणि बेशुद्ध माणूस उभाच लटकत राहिला तर जीव जातो. कोणाला किती वेळ लागेल याचा नेम नाही, पण हा हिशेब तासांचा नाही, मिनिटांचा आहे.

शिकवताना मी प्रत्येक मुलाला जमिनीपासून हातभर उंचीवर हार्नेसमध्ये लटकवतो आणि हलू नकोस म्हणतो. पहिल्यांदा सगळे हसतात. थोड्याच वेळात मांड्यांना मुंग्या येतात, बोटं आपोआप पट्ट्यांखाली शिरतात, गप्पा बंद होतात. मग मी हार्नेसच्या बाजूच्या पिशवीतून पायाचा पट्टा काढायला सांगतो. त्याच्या फासात पाऊल घालून उभं राहिलं की जांघेवरचा भार उतरतो आणि चेहऱ्यावर लगेच फरक दिसतो. लहानशी वस्तू आहे, स्वस्त आहे, आणि कितीतरी हार्नेसवर ती नसतेच. तुमच्यावर नसेल तर मागून घ्या. शुद्धीत असलेल्या माणसाला खालून ओरडून सांगत राहायचं, ‘पाय हलव, पट्ट्यात उभा राहा.’

काढायचं कसं, हे त्या क्षणी सुचत नाहीच. ते आधीच ठरलेलं लागतं. वर कधीही एकटा माणूस नको, आणि खाली असलेल्यांतल्या निदान एकाला चढून सुटका करता आली पाहिजे. सुटकेचा संच, म्हणजे दोर, कप्पी आणि हळूहळू सोडणारं उतरण-यंत्र, टॉवरच्या पायथ्याशी उघडून ठेवलेला हवा. तो गाडीत सामानाच्या तळाशी, सीलबंद असेल तर नसल्यात जमा. आधी लटकलेल्याचं वजन आपल्या दोरावर घ्यायचं, तेवढ्यासाठी त्याला थोडं वर उचलायचं, आणि मगच त्याची ताणलेली दोरी सोडवायची. हा क्रम हातात बसायला सराव लागतो. वाचून तो बसत नाही.

आडवं झोपवू नका, अर्धवट बसवून ठेवा, हा सल्ला पूर्वी शिकवला जायचा, मलाही तोच शिकवला होता. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागाने २००९ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले, तेव्हा त्याला आधार सापडला नाही. बेशुद्ध माणसाला बसवून ठेवणं उलट घातक ठरू शकतं. नेहमीचे प्रथमोपचारच करायचे. आडवं झोपवा, श्वास बघा, श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला लागा. आणि माणूस उठून बसून ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला दवाखान्यात न्याच.

अँटेनाच्या जवळ काम केल्याने कॅन्सर होतो का?

अँटेनातून निघणाऱ्या रेडिओ लहरी क्ष-किरणांसारख्या नाहीत, त्यांच्यात पेशीतले रेणू फोडण्याइतकी ताकद नसते. त्यांचा पक्का ठाऊक असलेला परिणाम म्हणजे शरीर तापवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात ठेवलं. म्हणजे शंका पूर्ण मिटलेली नाही, पण सिद्धही झालेलं नाही. रिगरने या वादात अडकून पडू नये. चालू अँटेनाच्या अगदी समोर तो तोंड करून उभा असतो, आणि तिथला तापण्याचा धोका खरा आहे. डोळ्याच्या भिंगासारख्या ज्या भागांतून रक्त कमी वाहतं, तिथे उष्णता लवकर विरत नाही.

काम सुरू करण्याआधी ज्या दिशेच्या अँटेनाजवळ जायचंय तिची पॉवर नियंत्रण कक्षाकडून बंद करून घ्यायची. ‘बंद केली’ असं उत्तर मिळेपर्यंत तिच्यासमोर जायचं नाही. छातीला लावायचा लहरी-मापक मिळतो, तो पॉवर चालू असेल तर वाजतो. त्वचेला काही जाणवत नाही म्हणून चालू नाही असं समजू नका. टॉवर सामायिक असेल तर दुसऱ्या कंपनीची अँटेना चालूच असते, ही चूक फार होते. पेसमेकर किंवा शरीरात धातूची पट्टी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मध्यमलहरी रेडिओ केंद्रांचे काही मनोरे मात्र सगळेच्या सगळे विजेने भारित असतात. जमिनीवर उभं राहून त्याला हात लावला तरी भाजतं. त्यांची माहिती असल्याशिवाय जवळ जाऊ नका.

सगळे पडण्याबद्दलच बोलतात. तहान, पाठ, गुडघे, रात्रपाळी याबद्दल कोणी का लिहीत नाही?

तुमचं खरं आहे. हे लिहायला हवं होतं.

उन्हात लोखंड इतकं तापतं की हातमोज्यांतूनही चटका लागतो, आणि थंडीत बोटं इतकी आखडतात की नट हातात आहे की सुटला ते कळत नाही. लघवीसाठी खाली उतरायला लागू नये म्हणून माणसं सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग दुपारी पोटऱ्यांत गोळे येतात, डोकं जड होतं, आणि त्याच अवस्थेत खाली उतरायचं असतं. अशी सवय वर्षानुवर्षं राहिली तर मूतखडा होऊ शकतो. बाई रिगर असेल तर हा त्रास दुप्पट, कारण साइटवर आडोसाही नसतो. पाण्याची बाटली दोरीने बांधून वर न्या, आणि कामाच्या वेळापत्रकात खाली उतरायची वेळ लिहून घ्या. लिहिलेली नसेल तर कोणी उतरू देत नाही.

कमरेच्या पट्ट्यावर मागे रेलून तासन्‌तास काम केलं की पाठीचा खालचा भाग धरतो. एका जागी बराच वेळ काम असेल तर बसायची फळी मागा. चढताना हातांनी ओढू नका, पायांनी ढकला. दंडातली ताकद उतरतानासाठी राखून ठेवा, कारण थकवा तेव्हा सगळ्यात जास्त असतो. रेडिओ युनिट वीस-तीस किलोचं असतं. ते पाठीवर घेऊन चढायचं नाही, कप्पीने ओढायचं, आणि त्याला खालून आवरदोर बांधायचा, नाहीतर वाऱ्याने ते फिरून टॉवरवरच्या माणसाला लागतं. हत्यारंही मनगटाला किंवा पट्ट्याला बांधा. चाळीस मीटरवरून सुटलेला पाना खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग तासाला १०० किलोमीटरच्या आसपास असतो. हेल्मेट घातलेल्यालाही त्याखाली उभं राहू देऊ नये.

रात्रपाळी असते कारण नेटवर्क बंद करायची परवानगी लोक झोपलेले असताना मिळते. रात्रभर वर काम, आणि पहाटे त्याच माणसाने गाडी चालवत पुढच्या साइटवर जायचं. टॉवरवरून सुखरूप उतरलेली माणसं रस्त्यावरच्या अपघातात गेल्याचं मी ऐकलंय. चालक वेगळा मागा. तो मिळत नसेल तर निघण्याआधी गाडीतच झोपून घ्या, कोणी काही म्हटलं तरी.

वीज, वारा आणि मधमाश्या यांच्याबद्दल थोडक्यात सांगा.

चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी लागले, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा वर राहायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा चढायचं नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि अँटेना हातात असेल तर तो सगळा जोर तुमच्यावर येतो. खाली वारा कमी आहे यावरून वरचा अंदाज बांधू नका. पोळं दिसलं तर चढणं थांबवायचं आणि जाणकाराला बोलवायचं. धूर करून स्वतः काढायला जाऊ नका. वर पळायला जागा नसते.

मी अभियांत्रिकी शिकतो. टॉवरच कोसळला तर हार्नेसचा काय उपयोग?

काहीच नाही. म्हणून हा प्रश्न तुमच्यासारख्यांनी विचारायला हवा.

१९८२ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, मिसूरी सिटी इथे, एका नव्या उंच मनोऱ्यावर अँटेनाचा शेवटचा भाग चढवत होते. अँटेनाच्या बाजूला लावलेल्या जाळ्या उचलण्याच्या दोराच्या आड येत होत्या. रिगरांनी त्या काढू द्या म्हटलं, अँटेना बनवणाऱ्यांनी नकार दिला. मग दोर जाळ्यांपासून लांब राहावा म्हणून रिगरांनी स्वतःच एक जोडतुकडा बनवला. ही युक्ती तपासून द्या असं त्यांनी अभियंत्यांना विचारलं, तेव्हा जबाबदारी अंगावर येईल म्हणून त्यांनी त्यात पडायचं टाळलं. उचलताना जोडतुकड्याचे बोल्ट तुटले. पडत्या अँटेनाने मनोऱ्याला धरणारी एक ताणतार तोडली आणि सगळा मनोरा खाली आला. पाच कामगार गेले. पोलंडमधल्या कॉन्स्टँटिनोव्हजवळचा ६४६ मीटरचा रेडिओ मनोरा, त्या काळी जगातली सगळ्यात उंच रचना, ८ ऑगस्ट १९९१ रोजी ताणतारा बदलतानाच कोसळला. तिथे सुदैवाने कोणी मेलं नाही.

दोन्हीकडे मनोरा नुसता उभा असताना पडला नाही, त्यावर काम चालू असताना पडला. तुम्ही पुढे ऑफिसात बसून नवी अँटेना मंजूर कराल, तेव्हा आधीच्या किती लटकत आहेत ते साइटवर जाऊन मोजा, जुन्या कागदावर विसंबू नका. आणि रिगरने ‘हे असं उचललं तर चालेल का?’ विचारलं, तर हिशेब करून उत्तर द्या.

मुलाला या कामात पाठवू का? त्याला उंचीची थोडी भीती वाटते.

थोडी भीती अडचणीची नाही. चक्कर येणं, फिट येणं, हृदयाचा त्रास, ताब्यात नसलेला रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर मात्र पाठवू नका. वजनही बघा. हार्नेसला वजनाची मर्यादा असते, काहींना हत्यारांसकट १०० किलो, काहींना १४०. ती लेबलवर छापलेली असते.

नोकरीच्या मुलाखतीला तो जाईल तेव्हा त्याने चार गोष्टी विचाराव्यात. प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी कोण करून देणार? हार्नेस नवा मिळणार की कोणाचा जुना? विमा पहिल्या दिवसापासून आहे का, आणि त्याचा कागद हातात मिळेल का? आणि मी वर अडकलो तर मला उतरवणार कोण, त्याचं नाव सांगा. शेवटच्या प्रश्नाला समोरच्याला नाव सांगता आलं नाही, तर तिथे पाठवू नका, दुसरीकडे बघा. तो निवडला गेला तर पहिल्या आठवड्यानंतर मला पुन्हा पत्र पाठवा, काय काय शिकवलं ते कळवा.